बाहेर पडायचं बटण कुठं आहे?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वय ६८, चिपळूण तालुक्यात राहते. मुलगा पुण्याला असतो. तीन वर्षांपूर्वी गणपतीला आला तेव्हा त्यानं मला नवा फोन आणला आणि परतीची गाडी गाठायच्या घाईत स्वतःच्याच ईमेलवर चालू करून दिला. तेव्हापासून त्याची पत्रं माझ्या फोनात येतात. क्रेडिट कार्डाचं बिल, विम्याचा हप्ता, आणि परवा तर त्याला दुसऱ्या कंपनीनं मुलाखतीला बोलावल्याचं पत्र मी त्याच्या आधी वाचलं. मला हे बरं वाटत नाही. जीमेलमधून बाहेर पडायचं बटण आठवडाभर शोधते आहे, ‘साइन आउट’ असं कुठंच लिहिलेलं नाही. शेजारचा मुलगा म्हणतो, ‘काकू, ॲपच उडवा’. तेही उडत नाही. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे माझे साडेचारशे नंबर. विद्यार्थी, माहेरची माणसं, भिक्षुक, गॅसवाला. ते गेले तर मी कुणाची?

– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : बाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. अँड्रॉइड फोनातल्या जीमेलमध्ये ते बटण ठेवलेलंच नाही.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची ट्रंक बोर्डावर. समोर भोकाभोकांची फळी, हातात दोरीचा प्लग. प्लग खोचला की गिऱ्हाईक मुंबईशी बोलायचं, उपसला की लाइन तुटली, विषय संपला. कॉम्प्युटरवरचं साइन आउट हे त्या प्लगसारखं. सायबर कॅफेच्या दिवसांत भाचा मला दरवेळी बजावायचा, ‘मावशी, उठताना साइन आउट कर, नाहीतर पुढचा येऊन तुझी पत्रं वाचेल’. ती सवय इतकी हाडात मुरली की मीही पहिला स्मार्टफोन हातात आल्यावर तुमच्यासारखीच बटण शोधत बसले होते.

फोनाचं गणित निराळं आहे. नवा अँड्रॉइड फोन चालू करताना तो ईमेल मागतो. आपल्याला वाटतं, जीमेलसाठी मागतोय. तो मागत असतो अख्ख्या फोनासाठी. एकदा दिला की ते खातं फोनाच्या पायात जाऊन बसतं, आणि जीमेल, प्ले स्टोअर, यूट्यूब, फोटो, कॅलेंडर, नंबरांची वही असे सगळे त्याच्यावर राहायला येतात. वाड्यातल्या भाडेकरूंसारखे. जीमेल हा त्यातला एक भाडेकरू. त्याच्या खोलीत वाड्याच्या दिंडी दरवाजाचं कुलूप कसं सापडेल? शेजारच्या मुलाचा उपायही म्हणूनच चालत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनांत जीमेल आधीपासून बसवलेलंच येतं, ते उडत नाही, फार तर ‘डिसेबल’ होतं. म्हणजे खोलीला टाळं लागलं, वाडा मुलाच्याच नावावर राहिला.

तेव्हा तुम्हाला करायचं आहे ते साइन आउट नाही, मुलाचं खातं फोनावरून काढणं. त्याला फोनात ‘रिमूव्ह अकाउंट’ म्हणतात. काम एका मिनिटाचं आहे. पण ते मिनिट सगळ्यात शेवटी आणायचं. त्याच्या आधी दोन संध्याकाळी घालवाव्या लागतील, आणि त्या घालवाच.

सगळ्यात आधी, पत्र वाचून होईपर्यंत तरी एक गोष्ट करू नका : साफसफाई. तुमच्या पिढीची (आणि माझ्याही) खोड अशी की जागा सोडायची म्हटलं की आधी झाडून घ्यायचं. मुलाची पत्रं आपल्या फोनात कशाला, म्हणून तुम्ही ती एकेक करून डिलीट करायला लागलात तर ती पुण्यातही डिलीट होतील. तुमच्या फोनात दिसते ती पत्राची नक्कल नव्हे, खुद्द त्याच्या पेटीतलं पत्र आहे. नंबरांचंही तेच. ‘हे याचे ऑफिसातले लोक, मला काय करायचेत’ म्हणून पुसलेत, तर सोमवारी त्याला साहेबांचा नंबर सापडणार नाही. असं काही आधीच झालं असेल तर घाबरू नका, पुसलेली पत्रं आणि पुसलेले नंबर दोन्ही ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून असतात. त्याला आजच सांगा.

आता तुमचे साडेचारशे. नंबर फोनात तीन ठिकाणी साठू शकतो : सिमकार्डावर, फोनाच्या स्वतःच्या पोटात, किंवा ईमेलच्या खात्यात. तुम्ही नवा नंबर घातलात तेव्हा फोननं बहुधा न विचारताच तो मुलाच्या खात्यात टाकला असेल. म्हणजे गेली तीन वर्षं तुमचा गॅसवाला आणि भिक्षुक पुण्यात मुलाच्या फोनातही नांदताहेत, त्याला विचारून बघा! खातं काढलं की खात्यातले नंबर तुमच्या फोनावरून दिसेनासे होतील. त्याच्याकडे ते राहतील, तुमच्याकडून जातील. सिमवरचे आणि फोनाच्या पोटातले मात्र जागेवर राहतील. कुठला नंबर कुठं आहे हे पाहायचं तर कॉन्टॅक्ट्स उघडून एखादं नाव दाबा आणि दुरुस्तीची पेन्सिल दाबा. वरच्या बाजूला तो कुठं साठवला आहे ते बहुतेक फोनांत लिहिलेलं दिसतं.

माझं काय झालं तेही सांगून टाकते, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकत नाही याची खात्री पटेल. जुना फोन भाचीला द्यायचा होता. मी नीट खातं काढलं, मग फोन पूर्ण पुसून घेतला, आणि नव्या फोनावर तेच खातं घातलं. नंबर आले ५७. उरलेले? ते खात्यात नव्हतेच कधी, फोनाच्या पोटात होते, आणि पोटच मी धुऊन काढलं होतं. दूधवाल्याचा नंबर मिळवायला मला पहाटे साडेपाचला फाटकाशी उभं राहावं लागलं. खात्यातले नंबर खातं काढल्यावर जातात आणि फोनातले नंबर फोन पुसल्यावर जातात, हे तेव्हा कळलं.

म्हणून पहिल्या संध्याकाळी स्वतःचं खातं उघडा. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ किंवा ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’ असं काहीतरी असेल (दर कंपनीचा फोन वेगळं नाव देतो, पण ‘अकाउंट्स’ हा शब्द असतोच), तिथं ‘ॲड अकाउंट’, मग गूगल, मग ‘क्रिएट अकाउंट’. एका फोनात दोन खाती सुखानं राहतात, त्यामुळे मुलाचं अजून असलं तरी हरकत नाही. पासवर्ड वहीत लिहा. पासवर्ड लिहू नये असं शहाणे लोक सांगतात, पण चिपळूणच्या कपाटातली वही चोरायला कुणी येत नाही आणि विसरलेला पासवर्ड कुणी आणून देत नाही. तुमचा मोबाइल नंबरही त्या खात्याला जोडा, कधी अडलात तर परतीची वाट तीच.

मग नंबर हलवा. गूगलचं कॉन्टॅक्ट्स ॲप असेल तर त्यात ‘ऑर्गनाइझ’ असा भाग असतो, त्यात ‘एक्सपोर्ट टू फाइल’. ते दाबलं, मुलाचं खातं निवडलं, की सगळ्या नंबरांची एक फाइल तयार होते. तीच फाइल ‘इम्पोर्ट फ्रॉम फाइल’ करून तुमच्या नव्या खात्यात ओता. यात मुलाच्या ऑफिसातली मंडळीही येतील. येऊ देत. तुमच्या खात्यातली ती नावं नंतर निवांत पुसा, तेव्हा पुसलेलं त्याच्याकडे पुसलं जाणार नाही. पुसण्याआधी ते नाव तुमच्याच खात्यातलं आहे ना, एवढं फक्त बघा. तुम्हाला हवे असलेले नंबर मोजकेच असतील तर एकेक नाव उघडून वरच्या तीन टिंबांतून ‘मूव्ह टू अनदर अकाउंट’ करता येतं, पण साडेचारशेला तो उद्योग करू नका. बोटं दुखतील.

दुसऱ्या संध्याकाळी फोटो. तुम्ही काढलेले फोटो फोनात असतील तर खातं काढल्यानं ते जात नाहीत. पण मुलानं गूगल फोटोजचा बॅकअप चालू ठेवला असेल आणि मधे कधीतरी जागा कमी पडते म्हणून कुणी ‘फ्री अप स्पेस’ दाबलं असेल, तर फोनातली प्रत पुसली गेली आहे आणि फोटो फक्त मुलाच्या खात्यात उरला आहे. नातवाच्या बारशाचे फोटो उघडून बघा. वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करून उघडा. ते स्वच्छ, मोठे दिसले तर फोनात आहेत. धूसर दिसले आणि गोल गोल फिरत राहिले तर ते पुण्याला आहेत, आधी उतरवून घ्या. (मुलाच्या बाजूनंही हे काम व्हायला हवंच आहे. गूगल फुकट जागा देतं ती १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. तीन वर्षं तुम्ही रोज काढलेल्या जास्वंदीच्या फोटोंनी त्याची किती जागा खाल्ली असेल याचा अंदाज करा.)

व्हॉट्सॲपची काळजी नको, ते मोबाइल नंबरावर चालतं. फक्त त्याचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’, तिथं मुलाच्या जागी तुमचं खातं निवडा आणि एकदा बॅकअप घ्या.

एवढं झालं की ते एक मिनिट. जीमेल उघडा. उजव्या कोपऱ्यात वर गोल फोटो किंवा अक्षर असतं ते दाबा. खाली ‘मॅनेज अकाउंट्स ऑन धिस डिव्हाइस’ येईल. ते दाबलं की फोनाच्या सेटिंग्जमध्येच जाल, म्हणजे खोलीतून थेट दिंडी दरवाजाशी. मुलाचं खातं निवडा, ‘रिमूव्ह अकाउंट’ दाबा. फोन पुन्हा विचारेल आणि बजावेल की यानं या फोनावरची पत्रं, नंबर वगैरे जातील. तो खरं सांगतोय. तुम्ही ते आधीच हलवलं आहे, तेव्हा ‘हो’ म्हणा.

मुलाची पत्रं त्याच्याकडे जशीच्या तशी राहतील. फक्त ‘डिलीट’ असा शब्द असलेल्या वाटेला जाऊ नका. गूगलच्या खात्याच्या पानावर कुठंतरी आत ‘डिलीट युअर गूगल अकाउंट’ असतं, ते म्हणजे खातंच जाळून टाकणं. आपल्याला ‘रिमूव्ह’ हवं.

आणि हे सगळं मुलाला सांगून करा. मुलाखतीचं पत्र वाचलं हेही सांगा. तोही एवढ्या दिवसांत विसरला असणार की त्याची एक खिडकी चिपळूणला उघडी आहे.

प्रश्न : मी बारावीला आहे. परीक्षेच्या हॉलतिकिटाची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. माझ्या फोनाची बॅटरी संपली होती म्हणून दुकानदाराच्या मोबाइलवर माझा ईमेल उघडला आणि गर्दीत तसाच निघून आलो. दुकान गावापासून २२ किलोमीटर आहे. आता काय करू?

– एक विद्यार्थी, लातूर जिल्हा

उत्तर : बाळा, एसटीचं भाडं वाचव. हे काम घरबसल्या होतं.

तुझ्या फोनात सेटिंग्ज उघड, ‘गूगल’ वर जा, तिथून तुझ्या खात्याच्या पानावर. ‘सिक्युरिटी’ मध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ असा भाग आहे, त्यात ‘मॅनेज ऑल डिव्हाइसेस’. तुझं खातं कुठकुठल्या फोनांवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे, गेल्या काही आठवड्यांत कुठं उघडं होतं, ते तिथं दिसतं. फोनाचं मॉडेल लिहिलेलं असतं, जिल्हा किंवा शहरही अंदाजे दिसतं. दुकानदाराचा फोन ओळख, त्यावर टिचकी मार, ‘साइन आउट’ दाब. बघ, काकूंना सापडलं नाही ते बटण इथं आहे, दुसऱ्याच्या फोनावरून आपल्याला बाहेर काढायला.

नंतर लगेच पासवर्ड बदल. का, ते समजून घे. तू त्या फोनावर पासवर्ड घातलास तेव्हा त्या फोननं किंवा ब्राउझरनं ‘सेव्ह करू का?’ विचारलं असेल आणि गडबडीत कुणाचं तरी बोट ‘येस’ वर पडलं असेल. तू साइन आउट केलंस तरी तो पुन्हा आत येऊ शकतो. पासवर्ड बदललास की जुनी किल्ली लागत नाही. दुकानदार चांगला माणूस असेलच, पण त्या फोनाला दिवसभरात किती हात लागतात ते तूच पाहिलं आहेस. जमलं तर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ ही चालू कर. मग पासवर्ड कुणाला कळला तरी तुझ्या फोनावर विचारल्याशिवाय दार उघडत नाही.

यादीत दुकानदाराचा फोन सापडलाच नाही, नावं सगळी अनोळखी वाटली, तर ओळखीचे सोडून बाकी सगळे साइन आउट कर. काही बिघडत नाही, चुकून स्वतःचाच कॉम्प्युटर बाहेर गेला तर पुन्हा पासवर्ड घालायचा.

पुढच्या वेळी दुसऱ्याच्या फोनावर ईमेल उघडायची वेळ आली तर ब्राउझरमधली ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडून त्यात उघड. काम झालं की त्या खिडकीतले सगळे टॅब बंद कर, मागे काही राहत नाही. आणि उतरवलेली फाइल दुकानदाराच्या ‘डाउनलोड्स’ मध्ये राहते, ती पुसायला सांग. हॉलतिकिटाचं एक वेळ चालेल, आधार कार्डाचं चालणार नाही. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ आधारच्या संकेतस्थळावर मिळतं, जिथं चालत असेल तिथं ते दे.

प्रश्न : मी जुना फोन ओळखीच्या माणसाला विकला. पॅटर्न आठवत नव्हता म्हणून बाजूची बटणं दाबून रिसेट मारून दिला. आता तो म्हणतो, फोन चालू होतो पण माझा ईमेल आणि पासवर्ड मागतो. मला वाटलं रिसेट केलं की सगळं निघून जातं.

– एक वाचक, मिरज

उत्तर : सगळं निघून जातं, ही एक गोष्ट सोडून. आणि ती मुद्दाम सोडली आहे. अँड्रॉइडच्या ५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, अशी सोय आहे की खातं न काढता कुणी बटणांनी फोन पुसला तर फोन आधीच्या मालकाची ओळख मागतो. चोरलेला फोन पुसून बाजारात विकता येऊ नये म्हणून. फोनाच्या लेखी तुम्ही आणि चोर यांत फरक कसा कळावा? दोघांनीही पॅटर्न न देता पुसला.

उपाय सोपा आहे, पण गिऱ्हाइकाला फोनवर पासवर्ड सांगू नका. स्वतः जा, किंवा त्याला घरी चहाला बोलवा. तुम्ही तुमच्या हातानं ईमेल आणि पासवर्ड घाला, फोन पुढे सरकेल. मग सेटिंग्जमधून खातं ‘रिमूव्ह’ करा आणि सेटिंग्जमधूनच पुन्हा रिसेट करा, बटणांनी नाही. पासवर्ड आठवत नसल्यानं नुकताच बदलला असेल तर एक दिवस मधे जाऊ द्या, नवा पासवर्ड लगेच चालेलच असं नाही. स्टेशनरोडला कुणी ‘दोनशे रुपयांत लॉक तोडून देतो’ म्हणेल. ज्याला तुमचा फोन तोडता येतो त्याला चोरीचाही येतो, तिथं जाऊ नये असं माझं मत.

प्रश्न : आयफोनवर काय करायचं? – दोन वाचकांनी विचारलं आहे.

उत्तर : तिथं वाडा आणि भाडेकरू वेगवेगळे आहेत, त्यामुळे भानगड कमी. जीमेल ॲपमध्ये कोपऱ्यातला गोल फोटो, ‘मॅनेज अकाउंट्स ऑन धिस डिव्हाइस’, ‘रिमूव्ह फ्रॉम धिस डिव्हाइस’. पत्रं ॲपलच्या ‘मेल’ मध्ये येत असतील तर ते खातं सेटिंग्जमध्ये मेलच्या अकाउंट्समधून काढायचं. तिथं नेमका ‘डिलीट अकाउंट’ असा शब्द लिहिला आहे, मघाशी मी काकूंना ज्याच्या वाटेला जाऊ नका म्हटलं तोच. इथं मात्र त्यानं खातं जळत नाही, फोनावरून निघतं एवढंच. शब्द ठेवणाऱ्यांनी एकदा आपसांत चहा घ्यायला हवा होता.

प्रश्न : मला बाहेर पडायचंही नाही. फक्त दुपारी झोपल्यावर मेलचं टुंग टुंग वाजू नये. त्यासाठी नातू म्हणतो खातं काढा.

– एक आजोबा, ठाणे

उत्तर : नातवाला सांगा, डास चावतो म्हणून घर विकत नाहीत. जीमेलमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा, अगदी खाली ‘सेटिंग्ज’, मग तुमचा ईमेल, मग ‘नोटिफिकेशन्स’, तिथं ‘नन’ निवडा. पत्रं येत राहतील, फोन बोलणार नाही. चहा झाला की उघडून बघा.